यूनान बदाल यांच्या घरावरचा बोजा

लायनेल फागुंडिसचं हसणं डेल्मर तोस्तेला एके काळी आवडायचं. पोटातून यायचं ते. आधी खांदे हलायचे, मग गळ्याखालची वळी, आणि मग आवाज. असा माणूस समोर असला की कामगारांना ऊनसुद्धा कमी लागतं, असं डेल्मर बायकोला सांगायचा. त्या वर्षी मार्च ते जून एवढ्या चार महिन्यांत तेच हसणं त्याला ऐकवेनासं झालं.

डेल्मर गिलावेवाला. टर्लकमध्ये आणि भोवतालच्या गावांत सव्वीस वर्षं तो घरांना बाहेरून गिलावा करत आला होता. स्वतःचा मिक्सर, दोन ट्रक, चार माणसं. करार, पत्रं, टपाल हे सगळं त्याची बायको झेलिंडा स्वयंपाकघरालगतच्या खोलीत बसून बघायची. लायनेल हा घरं बांधून देणारा मुख्य ठेकेदार. मालकानं पैसे त्याला द्यायचे आणि त्यानं ते पुढे सुताराला, वायरमनला, नळवाल्याला, गिलावेवाल्याला वाटायचे, अशी रीत. दोघांचेही आजे अझोर या पोर्तुगीज बेटांवरून गाईंच्या धारा काढायला आलेले. दोघं एकाच चर्चचे, पोर्तुगीज समाजाच्या एकाच हॉलचे सभासद. लायनेल तर सलग तीन वर्षं हॉलचा अध्यक्षच होता. म्हणून त्याच्याशी करार करताना डेल्मरनं कधी फार बारीक वाचलं नव्हतं.

यूनान बदाल यांचं घर लहानसंच, एकमजली, त्यांच्या असिरियन चर्चपासून पायी दहा मिनिटांवर. यूनान एकतीस वर्षं पीचच्या कारखान्यात डब्यांच्या यंत्रावर होते. बायको शमिराम हिचे गुडघे गेलेले. सेरीसचं जुनं घर विकून, त्यात होती नव्हती ती शिल्लक घालून, दोघांनी म्हातारपणासाठी हे घर बांधायला काढलं होतं. कर्ज नको म्हणून बँकेची पायरीच चढले नव्हते. गिलावा चालू होता ते तीन आठवडे यूनान रोज घडीची खुर्ची घेऊन यायचे आणि रस्त्यापलीकडे बसून बघायचे. भिंतीला कागद लागला, जाळी ठोकली, पहिला हात मारला, ओल्यातच आडव्या रेघा ओढल्या, दुसरा हात, दोन वेळा पाणी. शेवटचा हात मारला त्या दिवशी ते उठून आले आणि भिंतीवर तळवा ठेवून म्हणाले, "उस्ताद, ही भिंत माझ्यानंतरही उभी राहील."

डेल्मरला संकोच वाटला आणि बरंही वाटलं. अशी तारीफ आता कोण करतं?

कामाचे एकोणीस हजार चारशे डॉलर ठरले होते. सहा हजार सुरुवातीला मिळाले. उरलेले काम संपल्यावर. काम मार्चच्या पहिल्या आठवड्यात संपलं आणि लायनेलची टोलवाटोलवी सुरू झाली. आधी म्हणाला, मालकानं अजून दिले नाहीत. मग म्हणाला, चेकवर दोन सह्या लागतात आणि दुसरा सहीवाला गावाला गेलाय. एप्रिलच्या मध्यावर घर पुरं झालं, बदाल राहायला गेले, तरी लायनेल म्हणत होता, "अरे डेल्मर, तू माझा माणूस आहेस. बाकीच्यांना मी बुडवीन, तुला बुडवीन का?" आणि खांदे हलायचे.

मे महिन्यात त्यानं फोन उचलणं बंद केलं. तोवर डेल्मरनं चारही माणसांचा पगार आणि सिमेंट-वाळूवाल्याचं बिल राहत्या घरावर कर्ज काढून भागवलं होतं. एका शनिवारी दुपारी तो सरळ बदालांच्या दारात जाऊन उभा राहिला. मालकानं खरंच पैसे थकवलेत की काय, एवढंच त्याला बघायचं होतं.

यूनाननी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "उस्ताद! शमिराम, बघ कोण आलंय! भिंत बघायला आलात? एक चीर नाही, एक! या, आत या."

डेल्मर बसला. छोट्या काचेच्या पेल्यांत चहा आला, घरी भाजलेली लोण्याची गोड रोटी आली. शमिरामनं तिचा मोठा तुकडा त्याच्या बशीत ठेवला आणि तो संपायच्या आत दुसरा ठेवला. हवा कशी, गुडघे कसे, पीच यंदा लवकर धरले, असं सगळं बोलून झालं. मग डेल्मरनं बशी बाजूला सारली.

"बदालसाहेब, एक विचारू? लायनेलला द्यायचे किती राहिलेत तुमचे?"

"राहिलेत?" यूनान हसले. "दमडी नाही. घराची किल्ली हातात पडली त्या दिवशी शेवटचा चेक दिला. का हो?"

"मला मिळाले नाहीत."

"काय मिळाले नाहीत?"

"गिलाव्याचे. तेरा हजार चारशे."

यूनाननी बायकोकडे बघितलं. शमिराम उठली आणि आतून जाडजूड फाईल घेऊन आली. एकेक कागद कोपऱ्याला कोपरा जुळवून लावलेला. त्यातला एक काढून तिनं डेल्मरच्या पुढे ठेवला.

"हे काय आहे मग?" तिनं विचारलं.

ती हक्कसोड होती. सगळे पैसे पावले, या घरावर आता आपला कसलाही दावा नाही, असं लिहून देणारी. खाली डेल्मर तोस्ते अशी सही. गोल गोल अक्षरं, ओळीत बसवलेली.

डेल्मर त्या सहीकडे बघत राहिला. गटारातून काहीतरी वर यावं तशी त्याला शिसारी आली. आपल्या नावात दुसऱ्याचा हात घुसलाय, असं त्याला वाटलं.

"मी ही सही केलेली नाही," तो म्हणाला.

"नाव तुमचं आहे," यूनान म्हणाले. आवाजातला 'उस्ताद' गेला होता.

"नाव माझं आहे. सही माझी नाही."

"असं कसं? लायनेलनं स्वतः आणून दिली. म्हणाला, सगळ्यांचे पैसे चुकते केले, हा पुरावा."

डेल्मरनं खिशातलं पेन काढलं, टेबलावरच्या विजेच्या बिलाचं पाकीट ओढलं आणि त्याच्या पाठीवर तीनदा सही केली. एक उभी रेघ, एक फरफटलेली आडवी, संपलं. "सव्वीस वर्षं हातात थापी धरलीय मी. इतक्या सुंदर अक्षरात तर शाळेतही कधी नाव लिहिलं नाही."

यूनान पाकीट आणि कागद शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघत होते. शमिरामनं मात्र फाईल आणखी मागे उलटली आणि दुसरा कागद काढला. तो फेब्रुवारीतला होता, झेलिंडानं रजिस्टर टपालानं पाठवलेला. काम सुरू झाल्यापासून वीस दिवसांत असा कागद मालकाला पाठवावाच लागतो, नाहीतर गिलावेवाल्याचा हक्क जातो. त्यात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं की तुम्ही मुख्य ठेकेदाराला पूर्ण पैसे दिले असले, तरी आम्हाला ते न मिळाल्यास तुमच्या घरावर बोजा चढू शकतो.

"हे वाचून मी घाबरले होते," शमिराम म्हणाली. "यांना म्हटलं, विचारा."

"विचारलं मी," यूनान म्हणाले. "लायनेलला फोन केला. तो हसला. म्हणाला, काका, हे सगळेच पाठवतात, नुसता रिवाज आहे, फाईलला लावून टाका. मी लावलं." ते थांबले. "म्हणजे आता मी परत द्यायचे?"

"कायदा तसं म्हणतो."

"एकाच भिंतीचे दोनदा?"

डेल्मरनं पेन परत खिशात घातलं.

"आणि नाही दिले तर?"

घर विकून वसूल करता येतात, हे वाक्य डेल्मरच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथंच अडलं. शमिराम त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाली. यूनाननी त्याचा अर्थ सांगितला नाही.

"बदालसाहेब, मी आधी लायनेलला धरतो," डेल्मर उठत म्हणाला. "तुमच्यापर्यंत वेळ येऊ देणार नाही मी."

बोलून गेला खरा. ट्रकमध्ये बसल्यावर त्याला कळलं की जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द आपण देऊन आलोय.

घरी झेलिंडानं सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. बोजा नोंदवायची मुदत घर पुरं झाल्यापासून नव्वद दिवस. सतरा जुलैला तिनं लाल पेनानं गोल केला.

"तोवर नाही आले तर बोजा," ती म्हणाली.

"त्या म्हाताऱ्यांच्या घरावर? अगं, चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ही."

"मग चोराला दे की फाशी! हात कुणी धरलाय तुझा? रविवारी त्याच्याच शेजारी बसून प्रार्थना म्हणतोस."

"मी बोलतो त्याच्याशी."

"बोलतोय, बोलतोय. मार्चपासून बोलतोयस. तो ताकास तूर लागू देत नाही आणि तू मात्र आपला 'असेल काही अडचण'. आपल्या घरावर कर्ज आहे डेल्मर. ते फेडलं नाही तर बँक काय म्हणेल, असू दे, तू चांगला माणूस आहेस?"

जूनच्या पहिल्या रविवारी पवित्र आत्म्याचा सण होता. सणाचा मानाचा मुकुट घेऊन मिरवणूक चर्चला गेली, परत हॉलवर आली, आणि मग दरवर्षीसारखी जेवणाची रांग लागली. त्या दिवशी हॉलमध्ये येईल त्याला फुकट जेवण, ओळखीचा असो की नसो. लांब टेबलांवर पावाचे तुकडे आणि पुदिन्याची पानं घातलेले वाडगे, आणि त्यांवर मोठमोठ्या पातेल्यांतला गोमांसाचा रस्सा. त्या वर्षी तीन बैल अध्यक्षांनी दिले होते. दारावर तसा फलकच लावला होता: लायनेल फागुंडिस आणि कुटुंबीय यांच्याकडून.

डेल्मरनं तो फलक दोनदा वाचला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं, तसं हे दान. तीन बैल म्हणजे साधारण डेल्मरच्या अडकलेल्या पैशांइतके.

रांग पुढे सरकली. वाढायला स्वतः लायनेल उभा होता, पांढरं एप्रन बांधून, हातात पळी. घामानं चेहरा चमकत होता. प्रत्येकाला नावानं हाक मारत होता, म्हाताऱ्या बायकांच्या गालांना गाल लावत होता.

"ये रे डेल्मर! झेलिंडा, काय म्हणतेस? याला खायला घालत नाहीस वाटतं, बघ कसा वाळलाय! दे, वाडगा दे इकडे." त्यानं पळी भरून ओतली, वर मांसाचा मोठा तुकडा निवडून टाकला. "हा घे. खास तुझ्यासाठी."

रश्श्याचा वास डेल्मरला लहानपणापासूनचा. दालचिनी, वाइन, पुदिना. आज तो नाकात शिरला, तसा डेल्मरनं वाडगा झेलिंडाच्या हातात दिला.

"लायनेल," तो म्हणाला, "या बैलांचे पैसे कुणी दिले?"

"पवित्र आत्म्यानं!" लायनेल म्हणाला. खांदे हलले, वळी हलली, मागची चार माणसं हसली.

"यूनान बदालांनी दिले," डेल्मर म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "माझ्या गिलाव्याचे म्हणून दिले. आणि माझी खोटी सही करून तू ते खाल्लेस."

हसू एकदम थांबलं. रांगेतली माणसं आपापल्या वाडग्यांत बघायला लागली. लायनेलनं पळी शेजारच्या बाईच्या हातात दिली, डेल्मरच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला स्वयंपाकघरामागच्या अंगणात नेलं. तिथं भांडी घासायचा नळ चालू होता.

"वेडा आहेस का तू? लोकांसमोर?"

"सही कुणी केली?"

"ऑफिसातल्या पोरीनं. अरे, तुझी फेरी वाचवली. पैसे मी देणारच होतो ना?"

"कुठायत ते?"

लायनेलनं एप्रनला हात पुसले. "पॅटरसनला घरं चाललीत माझी. तिथलं लाकूड महागलं, मग यूनानकाकाचे तिकडे लावले. तिकडचे आले की तुझे देतो. सगळे असंच करतात रे. एका घराचे पैसे दुसऱ्याच्या पायाभरणीत. थोडी कळ काढ. आणि अगदीच घाई असेल तर चढव की बोजा म्हाताऱ्यावर. त्याच्याकडे आहेत. कारखान्याची पेन्शन येते त्याला."

हे तो अगदी साधेपणानं बोलला, मित्राला जवळची वाट दाखवावी तसा. त्याला लाज वाटत नव्हती, रागही आला नव्हता. डेल्मरला त्या क्षणी जी किळस आली ती सहीच्या वेळीही आली नव्हती. खांद्यावरचा तो ओला, गरम हात त्यानं झटकून टाकला.

आत आला तर त्याचा वाडगा तसाच होता, वर चरबीचा पापुद्रा धरलेला. झेलिंडा ताठ बसली होती. समोर सेराफीमकाका, नव्वदीला टेकलेले, हॉलचे सगळ्यांत जुने सभासद. ते खाली वाकून म्हणाले, "पोरा, खरं असेल तुझं. पण सणाच्या दिवशी नको. आज कुणी कुणाला हिशेब विचारत नाही."

"मग कधी विचारायचा, काका?"

"ते मला काय ठाऊक," म्हातारा म्हणाला आणि पाव बुडवून खायला लागला.

डेल्मरनं भोवती बघितलं. सुतार अल्विन होता, त्याचेही लायनेलकडे अडकलेत हे गावाला माहीत. तो खात होता. नळवाला होता, तोही. कुणी डेल्मरकडे बघत नव्हतं. लायनेल परत पळी घेऊन उभा राहिला होता आणि लोक त्याच्याशी पूर्वीपेक्षाही गोड बोलत होते, जणू घाण त्यानं नाही, डेल्मरनं केली होती. डेल्मर वाडगा तसाच ठेवून बाहेर पडला.

जून गेला. लायनेलचं ऑफिस एका सोमवारी बंद दिसलं. वकिलानं सांगितलं की लायनेलवर खटला भरता येईल, पण त्याचं घर बायकोच्या नावावर, ट्रक कर्जावर, आणि तो दिवाळं काढायच्या तयारीत आहे असं ऐकतो. "तुमच्याकडे खात्रीची एकच गोष्ट आहे," वकील म्हणाला. "ती भिंत."

डेल्मर दहा जुलैपर्यंत थांबला. मग पंधरापर्यंत. सोळा तारखेला सकाळी तो मोडेस्टोला, जिल्ह्याच्या नोंदणी कचेरीत गेला. झेलिंडानं भरून दिलेला कागद हातात होता. मालकाचं नाव, पत्ता, किती येणं. काउंटरवरच्या बाईनं कागद उलटसुलट केला, फी घेतली, शिक्का मारला. दोन मिनिटं लागली असतील.

"मालकाला प्रत पाठवलीत ना?" तिनं विचारलं.

"पाठवली."

"मग झालं. पुढचे कोण?"

डेल्मर बाहेर आला. ऊन भाजत होतं. तीन आठवडे खपून जी भिंत उभी केली, तिच्याच मालकाच्या मानेवर आपण पाय ठेवला. आणि हे करायला ना दांडगाई लागली, ना खोटं बोलावं लागलं. सगळं कायदेशीर. त्याला स्वतःच्या अंगाचाच वास येतोय असं वाटलं.

चौथ्या दिवशी यूनान त्याच्या अंगणात आले. इस्त्रीचा कोट, इतक्या उन्हात. डेल्मर मिक्सर धूत होता. त्यानं नळ बंद केला, खुर्ची पुढे केली. यूनान बसले नाहीत.

"मिस्टर तोस्ते, तुम्ही म्हणाला होतात, वेळ येऊ देणार नाही."

"म्हणालो होतो."

"मग शब्द कशाला दिला? माझ्या घरात बसून?"

"चुकलं माझं."

"माझा भाचा म्हणतो, लढा. वकील करा, दोन वर्षं काढा. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. शमिरामला रात्री झोप नाही. पत्रपेटीचा आवाज झाला तरी दचकते." त्यांनी घसा साफ केला. "तुम्ही चोर नाही, हे मला कळतं. चोर तो आहे. पण माझ्या खिशात हात तुमचा आहे."

डेल्मरनं पाण्याचा पाइप गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मी घाई करणार नाही. बोजावर दावा लावायची मुदत वकिलाकडून वाढवून घेऊ, आपण दोघं सही करू. तोवर आपण मिळून लायनेलच्या मागे लागू. त्याच्या लायसन्सवर पंचवीस हजारांचा जामीन असतो, त्यातून मिळतील तेवढे तुमच्या खात्यावरून वजा."

यूनाननी विचार केला. "सही तुम्ही माझ्यासमोर करायची," ते म्हणाले.

"तुमच्यासमोरच करीन."

तसे ते दोघं, एकमेकांशी कामापुरतंच बोलत, त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात तीन-चार कचेऱ्या हिंडले. डेल्मरनं खोट्या सहीची तक्रार दिली. मग सुताराच्या, नळवाल्याच्या नावाच्याही तशाच सह्या निघाल्या, तीच गोल अक्षरं. चौकशीला माणूस आला तो पाच महिन्यांनी. लायनेलनं त्याला सांगितलं की ऑफिसातल्या मुलीच्या हातून गफलत झाली, आणि ती मुलगी तोवर दुसऱ्या राज्यात गेली होती. लायसन्स रद्द झालं, दिवाळं निघालं. जामिनाच्या पंचवीस हजारांवर अकरा जण तुटून पडले. डेल्मरच्या वाट्याला आले दोन हजार शंभर.

उरलेल्यातला पाऊण हिस्सा वकील मागा म्हणत होता, झेलिंडा पूर्ण म्हणत होती. डेल्मरनं सहा हजार म्हटलं आणि बायकोशी आठवडाभर अबोला सोसला. यूनाननी ते मान्य केलं. महिन्याला हजार, सहा महिने.

टपालानं चेक पाठवता आला असता. पण यूनान दर एक तारखेला स्वतः यायचे. कोट घातलेला, पाकिटात दहा नोटा शंभराच्या, मोजलेल्या. टेबलावर ठेवायचे, पावती मागायचे, आणि डेल्मर सही करत असताना त्याच्या पेनाच्या टोकाकडे डोळे लावून बघायचे. मग पावती घडी करून निघायचे. झेलिंडा कॉफी विचारायची. ते "नको, बाई" म्हणायचे.

डेल्मर एक तारखेची आठवडाभर आधीपासून धास्ती घ्यायचा. त्या नोटा त्यानं एकदाही स्वतः बँकेत भरल्या नाहीत, झेलिंडानं भरल्या. चौथ्या महिन्यात त्यानं पाकीट परत सरकवलं.

"बास झालं, बदालसाहेब. मी बोजा उतरवतो. राहू द्या हे."

यूनाननी पाकिटावर बोट ठेवून ते पुन्हा त्याच्याकडे ढकललं. "सहा म्हटलंय तर सहा. मला तुमची मेहरबानी नको. मला पावती हवी."

सहावा हप्ता जुलैमध्ये आला. त्याच दिवशी डेल्मर त्यांना आपल्या ट्रकमधून मोडेस्टोला घेऊन गेला. बोजा उतरवल्याचा कागद दाखल केला, शिक्क्याची प्रत यूनानांच्या हातात दिली. मग त्यांना परत आणून सोडलं. घराशी उतरताना यूनाननी दार धरून ठेवलं आणि म्हणाले, "भिंत चांगली आहे. ते खोटं नाही." आणि आत गेले.

लायनेलच्या जावयानं, ब्रेंटनं, त्या वसंतात स्वतःच्या नावानं लायसन्स काढलं. ऑफिस तेच, टेबल तेच, आतल्या खुर्चीत बसायला सासराच. हॉलच्या निवडणुकीत लायनेल उभा राहिला नाही, पण सल्लागार म्हणून त्याचं नाव घातलं. सुतार अल्विन ब्रेंटकडे कामाला लागला. "पोट आहे," तो हॉलवर एकदा डेल्मरला म्हणाला. डेल्मरला त्याच्या शेजारी बसवेना, म्हणून तो उठला. पुढे त्यानं हॉलची वर्गणी भरणंच सोडलं. झेलिंडा एकटी जाते.

काम त्याला मिळतच होतं. ऑगस्टमध्ये डेन्हेरला एक काम आलं, दुसऱ्याच एका ठेकेदाराचं, दर बरा होता. डेल्मर वाळू उतरवून झाल्यावर घराच्या मालकिणीला भेटायला गेला. चाळिशीची, शाळेत शिकवणारी, हातात रंगांचे नमुने घेऊन उभी.

"मी गिलावेवाला," तो म्हणाला. "आठवड्याभरात तुम्हाला माझ्याकडून रजिस्टर पत्र येईल. ते फाईलला लावू नका. वाचा."

"पैशांचं ना? ते सगळं आमचा ठेकेदार बघतो," ती म्हणाली. "तुमचा माझा काय संबंध?"

मग डेल्मरनं तिला सगळं सांगितलं. उन्हात, अंगणात उभं राहून, अर्धा तास. चेक ठेकेदार आणि गिलावेवाला अशा दोघांच्या नावानं कसा काढायचा, हक्कसोड कुणाच्या हातून घ्यायची, सही कुणासमोर करून घ्यायची. ती आधी कंटाळली, मग गंभीर झाली.

"आणि मी पैसे दिले, त्यांनी तुम्हाला दिले नाहीत, तर तुम्ही खरंच माझ्या घरावर बोजा चढवाल?" तिनं विचारलं. "तुम्ही तसे वाटत नाही."

"मी वाईट माणूस नाही, बाई," डेल्मर म्हणाला. "तरी चढवीन. एकदा चढवलाय."

तिनं त्याच्यादेखतच ठेकेदाराला फोन लावला. संध्याकाळी त्या ठेकेदाराचा डेल्मरला फोन आला. गिऱ्हाइकांना घाबरवणारी माणसं आपल्याला नकोत, तो म्हणाला, वाळू परत घेऊन जा.

डेल्मर सकाळी जाऊन वाळू घेऊन आला.